टेप कॅरिअरवर नको, मडगार्डवर लावा

आज गावातल्या सहा-सात सायकलींना रिफ्लेक्टर टेप लावून झाली. कापूस वेचणीचे दिवस आहेत, सहालाच अंधारतं अन् वावरातून परतणारी माणसं सायकलीवर असतात.

मागचा लाल रिफ्लेक्टर बहुधा कॅरिअरवर असतो. त्यावर चाऱ्याचा भारा किंवा दुधाची कॅन आली की तो झाकला जातो. म्हणून मागच्या मडगार्डच्या खालच्या टोकावर लाल टेप लावा, दोन इंच रुंद, चार इंच लांब. चेनकव्हरवर पिवळी, समोर पांढरी. गंज पॉलिश पेपरनं घासा, साबणाच्या पाण्यानं धुवा, पूर्ण वाळू द्या. रॉकेलनं पुसू नका, तेलकट थर राहतो अन् टेप सुटते. कोपरे कात्रीनं गोल करा, टोकदार कोपरा आधी उचलतो. मधून कडेकडे दाबत जा, हवा राहत नाही.

पेडलचे पिवळे रिफ्लेक्टर मात्र काढू नका हो! ते वरखाली हलतात, म्हणून ही सायकल आहे हे मागच्याला लगेच कळतं. ६० च्या वेगातली गाडी सेकंदाला जवळपास सतरा मीटर पुढे येते, त्यामुळे हे लवकर कळणंच मोलाचं.

पण रिफ्लेक्टरला स्वतःचा उजेड नसतो. बिनलाइटच्या मोटरसायकलवाल्याला तो दिसत नाही. त्यासाठी मागे लाल लाइट हवाच, तोही स्थिर. नुसत्या लुकलुकणाऱ्या लाइटवरून अंतराचा अंदाज नीट येत नाही. डायनॅमो असेल तर सायकल थांबताच उजेड जातो, तेव्हा बॅटरीचा लाइट वेगळा ठेवा. अन् काळ्या मातीचा चिखल रोज ओल्या फडक्यानं पुसा.