पानशेतच्या काठावर, बाबांसोबत

आज पहाटे साडेपाचला बाबांना घेऊन निघालो. डोणजे फाटा मागे टाकला तरी सिंहगड धुक्यातच होता. सातच्या आत पानशेतच्या पाण्याकाठी. मासेमारीचा ठेका असलेल्या काकांना विचारलं, त्यांनी जागाही दाखवली आणि चहाही पाजला.

ट्राउट पकडायची बाबांची फार जुनी इच्छा आहे. पण त्या माशाला थंडगार, वाहतं पाणी लागतं. हिमाचल-काश्मीरसारख्या थंड भागात जायला हवं. आपल्याकडे चिलापी. मूळची आफ्रिकेतली, 1952 साली भारतात आणलेली, आता जवळपास प्रत्येक धरणात.

बाबांनी कणकेत थोडी हळद मिसळून शेंगदाण्याएवढ्या गोळ्या केल्या, गळाचं टोक दिसेनासं होईपर्यंत दाबून बसवल्या. मग गळाच्या दोरीला बांधलेलं, पाण्यावर तरंगणारं बूच नुसतं बघत बसायचं. ते दोनदा हललं, एकदम तिरकं होऊन खाली गेलं, आणि बाबा ओरडले, "आत्ता! खेच!"

तळहाताएवढी चिलापी. तोंडातून गळ काढताना चार-पाच इवलीशी पिल्लं माझ्या ओल्या हातावर आली. ही मादी पिल्लं तोंडात सांभाळते, हे मला माहीतच नव्हतं. बाबा काही बोलले नाहीत, गुडघाभर पाण्यात उतरले आणि तिला पिल्लांसकट सोडून आले.

नंतर भाकरी खाताना ते 12 जुलै 1961 बद्दल बोलले. हेच पानशेत धरण फुटलं तेव्हा ते नऊ वर्षांचे, पुण्यात नारायण पेठेत. इतकं सविस्तर पहिल्यांदाच सांगितलं.

मासे तीनच घरी आणले. आई तळतेय.