मिकूच्या हातातली पात

आपल्याकडच्या गाण्याच्या रिअ‍ॅलिटी शोमध्ये गळा ऐकवण्याआधी घर दाखवतात. पत्र्याचं छप्पर, शिलाई मशीनवर वाकलेली आई, मागून बासरी. मग गाणं. एखादा सूर इकडेतिकडे झाला तरी चालून जातो, कारण परीक्षकांचे डोळे आधीच भरून आलेले असतात. या सवयीमुळेच असेल, जपानच्या हात्सुने मिकूची अधिकृत माहिती वाचून मला मजा वाटली. वय १६. उंची १५८ सेंटिमीटर. वजन ४२ किलो. कुठल्या लयीत बरी गाते आणि आवाज कुठून कुठपर्यंत जातो. बस्स. आईबाप नाहीत, शाळा नाही, खाल्लेल्या खस्ता नाहीत. स्वभावाबद्दल तर अवाक्षर नाही.

असणार कुठून? मिकू हे सॉफ्टवेअर आहे. साप्पोरोच्या क्रिप्टन फ्यूचर मीडिया कंपनीने ३१ ऑगस्ट २००७ ला ते बाजारात आणलं. आत यामाहाचं व्होकलॉइड तंत्र. आपण चाल आणि शब्द भरायचे, ती गाणार. मूळ आवाज मात्र हाडामांसाच्या बाईचा. उद्या आपल्याच गळ्याची नक्कल व्हायची, या धास्तीने गायक मंडळी राजी होईनात. मग कंपनी कार्टूनला आवाज देणाऱ्यांकडे वळली, आणि साकी फुजिताने सुटे सुटे उच्चार म्हणून दिले. त्या गायकांना तेव्हा कुणी भित्रं म्हटलं असेलही. पण २०२४ मध्ये आवाजाच्या नकला थांबवा म्हणून अरिजित सिंगला मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं, तेव्हा त्यांची भीती अगदीच वायफळ नव्हती.

रूप केई नावाच्या चित्रकाराचं. गुडघ्याखाली लोंबणाऱ्या दोन शेपट्या (४२ किलोंत केस धरलेत का, ही माझी जुनी शंका आहे), राखाडी बिनबाह्यांचा झगा, गळ्यात टाय, कानाला माइकवाला हेडफोन, दंडावर गोंदलेलं ०१. केसांचा तो निळसर हिरवा रंग यामाहाच्या सिंथेसायझरवरून उचललेला. स्कर्टची किनार नीट पाहिली तर तिथेही वाद्यावरच्या पट्ट्या दिसतात. म्हणजे मुलीला वाद्य दिलेलं नाही, वाद्यालाच मुलगी केलंय.

आणि तिच्या हातात पात असते. कांद्याच्या पातीची जपानी थोरली बहीण म्हणावी अशी, हातभर लांब, बुंध्याला पांढरी, शेंड्याला हिरवीगार. केईच्या चित्रात ती नव्हती. सॉफ्टवेअर बाजारात येऊन थोडेच दिवस झाले होते, तेवढ्यात कुणीतरी मिकूकडून एक फिनिश पोल्का, म्हणजे फिनलंडचं नाचाच्या ठेक्याचं गाणं, गाऊन घेतलं आणि चित्रफितीत तिच्या हातात पात देऊन ती गरागरा फिरवायला लावली. त्याच गाण्यावर पात फिरवणारी दुसरी एक कार्टून मुलगी आधीच इंटरनेटवर गाजत होती, तिची ही थट्टा. थट्टा चिकटली. आज मिकूच्या कार्यक्रमाला लोक पातीच्या आकाराचे दिवे नाचवतात. कंपनीनेही नाक मुरडलं नाही, उलट चाहत्यांना तिची चित्रं काढायला, गाणी करायला मोकळीक दिली. आपण नाही का गणपतीच्या हातात कधी बॅट देतो, कधी त्याला सीमेवर जवान म्हणून उभा करतो? मंडळ बदललं की वेश बदलतो आणि बाप्पाची तक्रार नसते.

स्वभावाचंही तेच. ज्याने गाणं लिहिलं त्याच्यापुरती ती तशी. एकाकडे पहिल्या प्रेमाने बावरलेली, दुसऱ्याकडे जगावर भडकलेली, तिसऱ्याकडे आपण केवळ एक प्रोग्राम आहोत आणि कधीतरी पुसले जाऊ, याने कासावीस झालेली.

त्याच जपानात २०१३ मध्ये एकेबी-४८ या गाणाऱ्या-नाचणाऱ्या मुलींच्या गटातल्या एका खऱ्याखुऱ्या मुलीने डोकं भादरून, कॅमेऱ्यासमोर रडत माफी मागितली होती. गुन्हा काय, तर एक रात्र मित्राच्या घरी राहिली. आयडॉलने, म्हणजे अशा गटातल्या चाहत्यांच्या लाडक्या गायिकेने, कुणाच्या प्रेमात पडायचं नाही, हा तिथला दंडक. मिकू मात्र हजारो गाण्यांतून हजारो जणांच्या प्रेमात पडली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जिला जीव आहे तिने पुतळ्यासारखं राहायचं आणि जिला नाही तिने वाटेल तसं जगायचं, हा न्याय मला काही केल्या पचत नाही. मिकूचा त्यात दोष नाही, पण तिचं कौतुक करताना ती भादरलेली मुलगी आठवते खरी.

मिकूचं बाकी बरं चाललंय. २०१० मध्ये शुक्राकडे निघालेल्या आकात्सुकी यानावर तिची चित्रं कोरलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या होत्या. २०१४ मध्ये अमेरिकन गायिका लेडी गागाच्या दौऱ्यात, गागा मंचावर येण्याआधी, तिने कार्यक्रम केला. रंगमंचावर पारदर्शक पडदा, त्यावर मिकू, मागे घाम गाळणारे खरे वादक, समोर तिच्या केसांच्या रंगात उजळलेलं प्रेक्षागृह, असा तिचा थाट. २०२४ च्या अमेरिका दौऱ्यात मात्र पारदर्शक पडद्याऐवजी साधा एलईडी स्क्रीन आला. चाहते खवळले. म्हणाले, तिकीट काढून आम्ही मिकूला बघायला आलो होतो, टीव्ही बघायला नाही.