‘क्लीन’ टाइप करण्याआधी

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. नौपाड्यातल्या क्लासेसमध्ये, सीएंच्या ऑफिसांत पाच-सहा वर्षांचे पीसी असतात. त्यांवर विंडोज ११ टाकायला घेतलं की गाडी हमखास एका जागी अडते: ‘या डिस्कवर एमबीआर पार्टिशन टेबल आहे, इथे इन्स्टॉल होणार नाही.’ एमबीआर ही डिस्कवरच्या पार्टिशनची नोंद ठेवायची जुनी पद्धत, जीपीटी ही नवी. मशीन यूईएफआय या नव्या पद्धतीने बूट झालं असेल तर विंडोजला जीपीटीच लागतं.

यूट्यूबवर याला एकच उपाय सांगतात. शिफ्ट-एफ१० दाबा, डिस्कपार्ट हे विंडोजचं डिस्कचं टूल उघडा, क्लीन ही पुसायची कमांड मारा. घाई करू नका. क्लीन फक्त सी ड्राइव्ह पुसत नाही, त्या डिस्कवरचे डी आणि ई पण जातात. टॅलीचा (हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा) डेटा बहुधा तिथेच असतो.

आधी बूट मेनू नीट बघा. एकच पेनड्राइव्ह तिथे बऱ्याचदा दोनदा दिसतो, एकदा नुसत्या नावाने आणि एकदा पुढे ‘यूईएफआय’ लागून. विंडोज ११ साठी यूईएफआयवालाच निवडा. रूफस या टूलमध्ये इन्स्टॉलचा पेनड्राइव्ह बनवतानाही पार्टिशन स्कीम जीपीटी ठेवा.

डेटा ठेवून एमबीआरचं जीपीटी करायचं असेल तर चालू विंडोज १० मध्येच, अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टवर, ‘एमबीआर२जीपीटी’ ही कमांड चालवता येते. आधी व्हॅलिडेट (नुसती तपासणी), मग कन्व्हर्ट, दोन्ही वेळा अलाउ-फुल-ओएस (/allowFullOS) हा पर्याय जोडून. मात्र प्रायमरी पार्टिशन तीनपेक्षा जास्त नकोत आणि एक्स्टेंडेड (ज्याच्या पोटात आणखी पार्टिशन असतात) तर एकही नको. आपल्याकडे असेंबल केलेल्या पीसीत नेमकं हेच आडवं येतं: सिस्टम रिझर्व्ह्ड, सी, डी झाले की चौथा ई डिस्क मॅनेजमेंट एक्स्टेंडेडमध्ये बनवतं. मग व्हॅलिडेट फेल होतं. ई चा डेटा बाहेर काढा, ते लॉजिकल पार्टिशन उडवा, उरलेली रिकामी एक्स्टेंडेड जागाही डिलीट करा आणि पुन्हा चालवा. कन्व्हर्ट झालं की बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करायची सोय) बंद करून यूईएफआय लावायला विसरू नका, नाहीतर मशीन बूटच होणार नाही.

बॅकअप हातात आहे आणि क्लीनच करायचं आहे? मग ‘लिस्ट डिस्क’मधला आकार वाचा. २५६ जीबीची एसएसडी २३८ दिसते, १ टीबीची हार्डडिस्क ९३१. शेवटच्या जीपीटी कॉलममध्ये * अशी खूण असेल तर ती डिस्क आधीच जीपीटी आहे. नंबरावर विसंबू नका. डिस्क ० म्हणजे एसएसडीच असं काही नसतं.

त्याहून खात्रीचं म्हणजे दुसऱ्या हार्डडिस्कची साटा केबल काढूनच इन्स्टॉल करा. तिच्यावर जुनं ईएफआय पार्टिशन असलं तर सेटअप बूट फाइल्स तिथे टाकू शकतो. वर्षभराने ती हार्डडिस्क काढली की एसएसडीवरचं विंडोज धडधाकट असूनही उठत नाही.

लॅपटॉपवर डिस्कच दिसत नसेल तर पार्टिशनचा दोष नाही. इंटेल ११ व्या पिढीपासून अनेक मशीनवर व्हीएमडी हे इंटेलचं डिस्क सांभाळणारं फीचर चालू असतं, त्याचा ड्रायव्हर नसेल तर सेटअपला डिस्क दिसत नाही. कंपनीच्या साइटवरून आरएसटी (इंटेलचा स्टोरेज) ड्रायव्हर घ्या, एक्स्ट्रॅक्ट करून पेनड्राइव्हवर टाका आणि ‘लोड ड्रायव्हर’मधून दाखवा.

पार्टिशन सरकवायचं काम पावसाळ्यात यूपीएसशिवाय करू नका. सुरुवातीची जागा बदलली की आतला सगळा डेटा हलतो, त्याला तास-तास लागतात आणि मध्येच वीज गेली तर अर्धा डेटा जुन्या जागी, अर्धा नव्या.