एक्सेल न सोडणाऱ्यांसाठी साधन निवडताना

म्हापशातील एका घाऊक वितरकाकडे मी साठ्याचा आणि विक्रीचा हिशेब पाहतो. गेल्या वर्षी आम्ही एक देखणा डॅशबोर्ड, म्हणजे आकडे तक्ते-आलेखांतून एका पडद्यावर दाखवणारे साधन, विकत घेतला. महिनाभरात लक्षात आले, की सगळेजण त्यातील ‘एक्सपोर्ट’चे बटण दाबून आकडे पुन्हा एक्सेलमध्येच नेत आहेत. चतुर्थीपूर्वीच्या बैठकीला मडगाव, फोंडा आणि पणजीचे प्रतिनिधी तीन फायली घेऊन बसले, आणि तिन्हींतील बेरीज वेगळी होती.

दोष त्यांचा नव्हता. स्प्रेडशीटमध्ये सूत्र डोळ्यांसमोर असते आणि शेजारच्या रकान्यात ‘पावसामुळे माल अडकला’ असे लिहून ठेवता येते. डॅशबोर्ड मात्र तयार उत्तर देऊन गप्प बसतो. एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळींची मर्यादा असते हे विक्रेते आवर्जून सांगतात, पण आमचे घोडे अडले ते ओळींपाशी नव्हे, प्रत्येकाकडच्या वेगळ्या प्रतीपाशी.

म्हणून यंदा, साधन एक्सेलशी किती नीट जोडले जाते, हाच पहिला निकष ठेवला. पॉवर बीआय या मायक्रोसॉफ्टच्या विश्लेषण-साधनातील मॉडेलला (आकडे आणि सूत्रे यांच्या सामायिक साठ्याला) एक्सेलमधूनच पिव्होट टेबल (हवा तसा फिरवता येणारा सारांश-तक्ता) जोडता येते. त्यामुळे परतावा वजा करून ‘निव्वळ विक्री’ कशी काढायची हे एकाच ठिकाणी ठरते आणि मांडणी ज्याची त्याच्याकडे राहते. त्याचा परवाना परवडत नसेल, तर एक्सेल २०१६ पासून त्यातच अंतर्भूत असलेली पॉवर क्वेरी ही आकडे गोळा करण्याची सोय आधी वापरावी. एका फोल्डरमधील सगळ्या फायली ती एकत्र करते. आमच्या ज्येष्ठ लेखापालांनी ती दोन दुपारींत आत्मसात केली, डॅशबोर्ड मात्र त्यांनी अजून उघडलेला नाही.