तुम्ही विचारलंत म्हणून: पाय गेला म्हणून आलेल्या माणसाच्या छातीचा सीटी का काढला?

हा प्रश्न मला सगळेच विचारतात, इंटर्न पोरं विचारतात, पेशंटचे नातेवाईक विचारतात, परवा तर एका लग्नात जिलबी वाढता वाढता एका मामांनी विचारलं की मॅडम, छातीत दुखतच नव्हतं तर हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी फाटलीय हे तुम्हाला कळलं कसं? खरं सांगू का, बऱ्याचदा कळत नाही. त्या दिवशी कळलं ते एका मोज्यामुळे.

छप्पन्न वर्षांचे गृहस्थ, टेम्पोचा धंदा, पहाटे डावा पाय बधिर पडला, उचलता येईना. घरच्यांनी लकवा म्हणून कॅज्युल्टीत आणलं. आमच्या इंटर्नने फॉर्मवर स्ट्रोक लिहून टाकलं होतं आणि साडेचार तासांच्या आत आलेत म्हणून गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनचा विषय काढून झाला होता, ब्रेनचा सीटी सांगून झाला होता. चेहरा सरळ, बोलणं स्पष्ट, हात दोन्ही व्यवस्थित, फक्त पाय. मी लकव्याची खूण बघायला किल्लीने तळवा खरवडायचा म्हणून लोकरीचा मोजा काढला, तर आतला पाय फ्रीजमधून काढल्यासारखा गार आणि पांढराफटक. दुसऱ्या पायाला हात लावला, तो गरम. जांघेत डावीकडे नाडी लागेना. मेंदूच्या लकव्यात पाय हलत नाही, पण असा गार पडत नाही हो!

मग बीपी बघितलं. १०४. आता बीपीचा जुना पेशंट, दोन महिने गोळ्या बंद (बरं वाटतंय म्हणून, नेहमीचंच), त्याला १०४? सिस्टरला म्हटलं दुसऱ्या हाताला लावा. डाव्या हाताला १५८. २० च्या वर फरक म्हणजे दखल घ्यावीच लागते, इथे तर ५४. उजव्या हातावर थांबलो असतो तर "बीपी नॉर्मल" लिहून मोकळे झालो असतो.

त्यांना विचारलं दुखतंय का, ते म्हणाले काही नाही. काकू मात्र मागून म्हणाल्या, "अहो, पहाटे बाथरूममध्ये केवढ्यांदा ओरडलात, पाठीत कुणी सुरा खुपसला म्हणून?" ते म्हणाले, ते थांबलं की.

महाधमनी म्हणजे हृदयातून निघून पोटापर्यंत जाणारी मुख्य रक्तवाहिनी. तिच्या भिंतीला तीन पदर असतात, आतला फाटला की रक्त पदरांच्या मध्ये घुसतं आणि गोधडीची शिवण उसवत जावी तसं पुढे सरकतं. यालाच एओर्टिक डिसेक्शन म्हणतात. वाटेत ज्या फांदीचं तोंड दाबलं जाईल त्या अवयवाची तक्रार घेऊन माणूस येतो. मेंदूकडची दाबली तर लकवा किंवा चक्कर येऊन पडणं, किडनीची दाबली तर मुतखड्यासारखं, हृदयाची स्वतःचीच दाबली तर ईसीजीत चक्क अटॅक दिसतो, आणि मग अटॅक समजून गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं की संपलंच. कधी नुसता आवाज बसतो. म्हणून छाती किंवा पाठ अधिक दुसरंच काहीतरी, असं जमत नसलेलं जोडपं दिसलं की मला खटकतं.

हे खटकणं मला फुकट मिळालेलं नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी कंबरेत कळ म्हणून आलेल्या एका मावशींना मी मुतखडा म्हणून इंजेक्शन देऊन घरी पाठवलं होतं. रात्री परत आणलं तेव्हा उशीर झाला होता. दुखतंय कुठे, किती, हे सगळं विचारलं होतं, कसं सुरू झालं तेवढं विचारलं नव्हतं. आणि तोच प्रश्न सगळ्यात कामाचा! २००० साली या आजाराच्या ४६४ पेशंटचा एक मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास आला, त्यात सुमारे ८५ टक्के लोकांचं दुखणं एकदम, धाडकन सुरू झालेलं होतं. नाडीतला फरक मात्र फक्त १५ टक्क्यांत सापडला, म्हणजे नाड्या सारख्या लागल्या म्हणून निश्चिंत होऊ नका. छातीच्या एक्सरेवरही फार विसंबू नका, तो चांगला दिसू शकतो.

अमेरिकन सर्जन मायकल डिबेकी, ज्यांनी या आजाराचं ऑपरेशन बसवलं, त्यांना स्वतःलाच २००५ च्या डिसेंबरात ९७ व्या वर्षी हे झालं आणि त्याच धर्तीचं ऑपरेशन होऊन ते वाचले. त्यांना ओळखू आलं, पण ते डिबेकी होते.

तर सीटी अँजिओ (रक्तवाहिनीत रंगद्रव्य सोडून काढलेला सीटी) झाली, किडनीच्या रिपोर्टची वाट न बघता, कारण हृदयाजवळचा भाग फाटला असेल तर सुरुवातीला दर तासाला १ ते २ टक्के माणसं जातात. स्क्रीनवर धमनीच्या आत दुसरी नळी स्पष्ट दिसली, हृदयापासून थेट डाव्या जांघेपर्यंत. दुखण्याचं औषध, नाडी ६० च्या खाली आणि जास्त असलेल्या हाताचं बीपी १२० च्या आत आणायची इंजेक्शनं चालू करून त्यांना सर्जरीला पाठवलं. चालतात आता, थोडे लंगडतात, टेम्पो पोरगा चालवतो.

सगळ्यांचाच सीटी का नाही काढत, असंही विचारतात. छातीत दुखणारे रोज येतात, हे वर्षातून मोजके, सगळ्यांना मशीनमध्ये घालणं परवडत नाही आणि बरोबरही नाही. संशय कमी असेल तर डी-डायमर ही रक्ताची तपासणी करून बघता येतं, संशय दाट असेल तर त्यात वेळ घालवायचा नाही. आमच्या फॉर्मवर बीपीसाठी आता दोन रकाने आहेत, उजवा आणि डावा. डावा निम्म्या वेळा रिकामाच असतो, मग मी कटकट करते.