खंबीर? तुम्ही विचारलंत म्हणून

"मॅडम, नोटाबंदीत तुम्ही एवढ्या खंबीर कशा राहिलात?" हा प्रश्न आता मला पाठ झालाय. २०१६ च्या त्या दिवसांत मी बँकेच्या एका शाखेची मॅनेजर होते. १ एप्रिल २०२० ला दहा सरकारी बँकांच्या चार झाल्या. तेव्हापासून ज्यांची पाटी, सिस्टिम आणि साहेब एकदम बदलले, ती तरुण मॅनेजर मंडळी फोन करतात. काहीतरी युक्ती सांगा म्हणतात.

रांगांचं वर्णन करत नाही, तुम्ही पाहिल्यात. नोटा बदलून द्यायची मर्यादा आधी चार हजार, मग साडेचार, मग दोन, आणि २४ नोव्हेंबरनंतर तेही बंद. प्रत्येक बदल मला आणि रांगेतल्या माणसाला टीव्हीवरून एकदमच कळायचा. जिल्हा बँकांना जुन्या नोटा घ्यायला मनाई झाली आणि आजूबाजूची सगळी खेडी आमच्या दारात आली. वरून वीस लाखांची रोकड मागितली की चार लाख यायचे. वर बोटाला शाई लावायचं कामही आमचंच. मतदान ना काही! तेव्हा माझ्या खंबीरपणाचा हिशेब मांडण्याआधी एवढं धरा.

आता अण्णांचं. आमचे कॅशिअर, निवृत्तीला वर्ष राहिलेलं, मधुमेह. एका दुपारी ते काउंटर सोडून उठले. गोळी आणि दोन घास, पाच मिनिटं. रांग खवळली, कोणीतरी काचेवर हात आपटला. मी केबिनमधून बाहेर आले आणि सगळ्यांसमोर ओरडले, "अण्णा, लोक सकाळपासून उभे आहेत, तुम्हाला आत्ताच उठायचं होतं?"

रांगेने टाळ्या वाजवल्या.

आणि मला बरं वाटलं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. डबा तसाच झाकून अण्णा परत बसले. मी केबिनमध्ये जाऊन पाणी प्यायले. "मॅडम खमक्या आहेत" हे गावभर झालं ते त्याच दिवशी.

रात्री दहाला कॅश जुळेना. चार हजारांची तूट. कोऱ्या करकरीत गुलाबी नोटा एकमेकींना चिकटायच्या, दोन कुणाला तरी जास्त गेल्या असणार. तूट कॅशिअरने भरायची, हे तुम्हाला माहीत आहेच. त्यांनी वाद घातला नाही. स्वतःच्या खात्यातून चार हजार काढायची स्लिप भरली आणि सहीसाठी माझ्यासमोर धरली. मी सही केली. म्हणाले काय, तर "उद्या जरा लवकर या."

निम्मे मी भरू शकले असते. सुचलंच नाही. की सुचलं होतं?

पुढे मला ट्रेनिंगला बोलवायला लागले. स्लाइड लावून मी सांगायचे, आधी स्वतःला सावरा, मग टीमला. त्या बाईचा मला आता राग येतो. पण तीही अगदीच खोटं बोलत नव्हती. मी ओरडले नसते तर त्या दुपारी काच फुटली असती, असं मला आजही वाटतं. ओरडायचं तर रांगेवर ओरडायचं होतं, हेही वाटतं. रांगेवर ओरडायची माझी छाती नव्हती. अण्णा उलट बोलणार नाहीत, हे मला माहीत होतं.

दर दिवाळीला त्यांचा फोन येतो. "मॅडम, तब्येत कशी आहे?" त्या दुपारचं काढायचं असं मी दरवेळी ठरवते, आणि गोळ्या वेळेवर घेता ना, एवढंच विचारते.