धरणाखालचे मासे कधी मोजायचे?

वर्षातून एकदा जाळं टाकून जातींची यादी केली की तिला देखरेख म्हणण्याची पद्धत आहे. वीजघराखालची नदी मात्र तासातासाला बदलते. मागणी वाढली की टर्बाइन सुरू होतात, पाणी चढतं. मागणी ओसरली की झपाट्याने उतरतं आणि काठच्या उथळ पाण्यातली पिल्लं गोट्यांत अडकून मरतात. दुपारी पोचणाऱ्याला काहीच दिसत नाही, बगळे-कावळे आधीच येऊन गेलेले असतात.

म्हणून पहिला खर्च जाळ्यांवर नको, पाणीपातळीच्या लॉगरवर, म्हणजे पातळी आपोआप नोंदवत राहणाऱ्या यंत्रावर करा. नोंद दर 15 मिनिटांनी: एक वीजघराखाली, एक त्याच्या बरंच खाली, एक मोठी उपनदी मिळाल्यावर. दिवसाच्या सरासरी विसर्गावर विसंबू नका, चढउतार नेमका तिथेच पुसला जातो. वीजघराचं तासवार वेळापत्रक मिळवा आणि पाणी उतरताच ठरावीक 50 मीटर काठ गोटे उचलून तपासा.

जलाशयाच्या तळातून पाणी सोडलं जात असेल, तर ते थंड आणि प्राणवायू संपलेलं असू शकतं. हे मोजमाप पहाटेचं. दुपारी शेवाळाने सोडलेल्या प्राणवायूमुळे आकडा उगाच बरा दिसतो. सांडवा चालू असताना दुखणं उलटं: सांडव्याखालच्या कुंडात कोसळणाऱ्या पाण्यात हवा दाबाखाली विरघळते. एकूण विरघळलेले वायू संपृक्ततेच्या, म्हणजे पाणी एरवी धरून ठेवू शकतं त्या प्रमाणाच्या, 110 टक्क्यांपुढे गेले की माशांच्या परांत, डोळ्यांत बुडबुडे धरण्याचा धोका असतो. यात नायट्रोजनचा वाटा मोठा, त्यामुळे फक्त प्राणवायूचा मीटर पुरत नाही. विरघळलेल्या वायूंचा एकूण दाब मोजणारा मीटर खोल बुडवा आणि आकडा स्थिरावेपर्यंत थांबा.

जाळ्यांची आस (छिद्राचा आकार), लांबी आणि पाण्यातले तास दर खेपेला तेच ठेवा. प्रवाह वाढला की जाळं आडवं पडतं, पाचोळ्याने भरतं; मासे तेवढेच असूनही पकड घटते. पकडीशेजारी विसर्ग लिहिला नसेल, तर तो आकडा वाया गेला. पिल्लांसाठी 500 मायक्रॉन (अर्धा मिलिमीटर) छिद्रांचं जाळं रात्री लावा, तोंडाशी प्रवाहमापक हवाच. गढूळ पाण्यात 10 मिनिटांत काढा, नाहीतर जाळं तुंबतं.

तुलनेसाठी धरण नसलेली, तशीच एक नदी लागते आणि बांधकामाआधीची निदान दोन-तीन वर्षं. नव्या जलाशयात बुडालेल्या झाडोऱ्यामुळे सुरुवातीला मासे वाढतातही; अहवालांना हे फार आवडतं. वाहत्या पाण्याच्या आणि साचलेल्या पाण्याच्या जाती वेगळ्या मोजल्या की त्या वाढीत नदीचे मासे किती, ते कळतं.